परमिट रूम, प्लास्टिकची गिटार आणि बेंजोवाले काका: कोल्हापुरात म्युझिक गेम नाईट करताना काय काय झालं

बुधवारी १५ जानेवारीला आमची पाचवी म्युझिक गेम नाईट झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांचे मेसेज आले, एक इचलकरंजीचा, दोन सांगलीचे, की आमच्याकडं पण करायचंय, परवानगी कुणाची लागते, त्या गिटारी कुठं मिळतात. जून २०२४ मध्ये मी स्वतः हेच प्रश्न घेऊन बसले होते आणि मराठीत कुणी लिहिलेलं काही सापडलं नव्हतं, म्हणून झालं तसं सगळं लिहिते, तारखांसकट आणि खर्चासकट.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गिटार हिरो २००५ मध्ये आला, रॉक बँड २००७ मध्ये. हातात प्लास्टिकची गिटार, तिच्या मानेवर पाच रंगीत बटणं (हिरवं, लाल, पिवळं, निळं, केशरी) आणि जिथं तारा छेडतात तिथं एक वरखाली हलणारी पट्टी. स्क्रीनवर रंगीत ठिपके तुमच्याकडं सरकत येतात, ठिपका रेषेवर आला की त्या रंगाचं बटण दाबून पट्टी मारायची, मारलं तर गिटार ऐकू येते, चुकलं तर गाण्यातली तेवढी गिटार गायब होते. रॉक बँडनं यात ड्रम आणि माईक आणला, म्हणजे चार जणांचा अख्खा बँड. अमेरिकेत तेव्हा बारमध्ये याच्या रात्री व्हायच्या, लोक आपल्याकडच्या कराओकेसारखं नाव देऊन नंबर लावायचे. मी पुण्यात कॉलेजला असताना एका मैत्रिणीच्या घरी हे खेळले होते आणि तेव्हापासून डोक्यात होतं. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही, पण त्या चार मिनिटांत आपण वाजवतोय असं जे वाटतं ना, ते मला माझ्या गावातल्या लोकांना द्यायचं होतं, एवढंच.

जूनमध्ये चुलतभाऊ अमेरिकेहून येणार होता. त्याला सांगून एक्सबॉक्स ३६० या कन्सोलच्या (टीव्हीला लावायचं गेमचं मशीन) दोन जुन्या वायरवाल्या गिटारी मागवल्या, गिटार हिरो २ बरोबर यायच्या त्या. दोन्ही मिळून ९,२०० रुपये पडले. इथं एक टीप, वायरवालीच घ्या. ती यूएसबीला लावली की कॉम्प्युटर सरळ ओळखतो. पीएस३ या दुसऱ्या कन्सोलच्या वायरलेस गिटारीला तिचा स्वतःचा डोंगल (सिग्नल पकडणारा छोटा यूएसबी तुकडा) लागतो आणि जुन्या मालात नेमका तोच हरवलेला असतो, डोंगल नसेल तर ती गिटार भिंतीवर लावायच्या कामाची.

एका गिटारीची पट्टी खाली मारली की दोनदा लागायची. उघडून बघितलं तर आत दोन मायक्रोस्विच, त्यातल्या एकाची पाती सैल झालेली. लक्ष्मीपुरीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तसलेच स्विच जोडीला ६० रुपयांत मिळाले, भावानं सोल्डर करून दिले. ड्रम एका मित्राचा इलेक्ट्रॉनिक किट, त्याचा स्टँड मोडलेला, तो उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये नेला. तिथल्या मामांनी विचारलं हे कशाचं, मी सांगितलं, तर म्हणाले, "मग खालनं जड पायजे, न्हाईतर हाणल्यावर सरकतंय." आणि त्यांनी पायाला लोखंडी पट्टी मारून दिली, ६५० रुपये. आजतागायत तो स्टँड तसूभर हललेला नाही.

आता गेम कुठला, हे फार महत्त्वाचं आहे आणि यावर माझे दोन आठवडे गेले. कन्सोलच्या गेमच्या अटी नीट वाचल्या तर तिथं घरगुती वापरासाठी असं असतं, हॉटेलात लोकांसमोर चालवायला ती परवानगी नाही. म्हणून मी डिस्कचा विचार सोडला आणि यार्ग नावाचा ओपन सोर्स गेम घेतला. फुकट आहे, गिटार, बास, ड्रम, माईक सगळं चालतं. क्लोन हिरो पण फुकट आणि जास्त प्रसिद्ध आहे, पण त्यात गाणाऱ्यासाठी काही नाही, आणि कोल्हापुरात माईक नसेल तर लोक येणारच नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. गाण्यांचे ठिपके, म्हणजे चार्ट, आपले आपण बनवता येतात, मूनस्क्रेपर नावाचा एडिटर आहे. चार मिनिटांच्या एका गाण्याला मला सुरुवातीला दोन संध्याकाळी लागायच्या.

जुलैमध्ये जागा शोधायला सुरुवात केली आणि पाऊस. पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, अर्धं शहर कुठला रस्ता बंद आणि कुठला चालू हे बघत होतं, अशात कुणाला गेमचं काय सांगणार. त्या पंधरा दिवसांत मी घरी टीव्हीवर लॅगचा प्रश्न सोडवला. हे नवख्यांना समजत नाही आणि सगळी रात्र याच्यावर बुडू शकते. टीव्ही चित्र थोडं उशिरा दाखवतो, स्पीकर आवाज थोडा उशिरा देतो, आणि दोन्हींचा उशीर वेगवेगळा असतो. माणूस बरोबर वाजवतो तरी गेम चूक धरतो आणि त्याला वाटतं मलाच जमत नाही, मग तो गिटार खाली ठेवतो आणि परत उचलत नाही. टीव्ही गेम मोडवर टाका, ब्लूटूथ स्पीकर अजिबात नको, वायरच वापरा, आणि प्रत्येक नव्या जागेत लोक यायच्या आधी गेममधलं कॅलिब्रेशन करा, म्हणजे हे दोन्ही उशीर मोजून गेमला सांगा. घरचे आकडे हॉटेलात चालत नाहीत.

राजारामपुरीतल्या एका कॅफेनं आधी हो म्हटलं, पोस्टर पण झालं, आणि आदल्या दिवशी फोन करून नाही म्हणाले. खूप वाईट वाटलं होतं. नंतर ऑफिसमधल्या एका दादांच्या ओळखीनं शाहूपुरीतल्या एका हॉटेलचे मालक भेटले, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. खाली परमिट रूम, वर फॅमिली हॉल. अण्णा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भेटले, म्हणाले, "आत्ता श्रावण लागला बघ, श्रावणात हितं माश्या मारत बसायचं. श्रावण संपू दे, गणपती होऊ दे, मग बघूया की." मी आईला घरी सांगितलं तेव्हा तिनं फक्त "बारमध्ये?" एवढंच विचारलं आणि दोन दिवस बोलली नाही.

त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टच्या रात्री, केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. लहानपणी शाळेच्या गॅदरिंगला मी तिथं स्टेजवर तिसऱ्या रांगेत उभी राहिले होते. सकाळी बघायला गेले तर बाहेर म्हातारी माणसं रडत उभी होती. हे इथं लिहायचं कारण असं, की नंतर अण्णांनी मला पहिला प्रश्न वायरिंगचा विचारला. लॅपटॉप, दोन स्पीकर, मिक्सर, ड्रम मॉड्यूल, सगळं किती अँपियर घेतं हे एका कागदावर लिहून दिलं, त्यांच्या वायरमननं वेगळा पॉइंट काढून दिला आणि मशीनजवळ अग्निशामक सिलिंडर ठेवला. जागामालक हे विचारत नसेल तर तुम्ही स्वतः काढा हा विषय.

गणपती गेले १७ सप्टेंबरला. त्या काळात पोलीस ठाण्याकडं फिरकायचंच नाही, त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. मी २३ सप्टेंबरला अर्ज घेऊन गेले. अर्जावर विषय लिहिला होता, 'व्हिडिओ गेम व संगीत कार्यक्रमास परवानगी मिळणेबाबत', आणि ही माझी सगळ्यात मोठी चूक. आपल्याकडं व्हिडिओ गेम म्हटलं की पार्लर, आणि पार्लर म्हटलं की पैसे लावून खेळायची मशिनं आणि पोलिसांची धाड, हेच डोळ्यासमोर येतं. टेबलावरच्या साहेबांनी अर्ज वाचला, वर बघितलं, "ताई, पार्लर टाकालाय काय?" मी घाबरले, सांगता सांगता अडखळले. मग फोनवर व्हिडिओ दाखवला. त्यांनी शांतपणे बघितला आणि दोन गोष्टी विचारल्या, पैसे लावणार का आणि डॉल्बी लावणार का. दोन्ही नाही म्हटल्यावर म्हणाले, हे लेखी आणा, आणि गेमच्या परवान्याचं आधी कलेक्टर ऑफिसच्या करमणूक शाखेत विचारून या.

नागाळा पार्कात कलेक्टर ऑफिसला दोन हेलपाटे झाले. पहिल्यांदा ज्यांना भेटायचं ते मीटिंगला. दुसऱ्यांदा भेटले, नीट ऐकून घेतलं. तिकीट आहे का, मशीन कायमचं बसवणार का, नाणं किंवा कूपन टाकून खेळायचं आहे का, बक्षीस रोख आहे का, हे चार प्रश्न. माझं सगळ्याला नाही होतं. मला सांगितलं, की मग हे पार्लरमध्ये धरत नाही, पण हे सगळं अर्जात स्पष्ट लिहा आणि उद्या तिकीट लावलं तर परत या. तुमचं तिकीट असेल तर तुमची उत्तरं वेगळी येतील, म्हणून तुमच्या जिल्ह्यात स्वतः विचारा, माझ्या लिखाणावर जाऊ नका.

अर्ज परत लिहिला. विषय बदलला, 'हॉटेलच्या बंदिस्त हॉलमध्ये विनाशुल्क संगीत कार्यक्रम'. आत मुद्दे लिहिले: प्रवेश मोफत, कसलीही पैज नाही, रोख बक्षीस नाही, वेळ संध्याकाळी साडेसात ते पावणेदहा, आवाज हॉलच्या आत. वेळेचं कारण सगळ्यांना माहीत आहे, रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी, आणि व्यापारी भागात दिवसाची मर्यादा ६५ डेसिबल. मी फोनवर ॲप टाकून हॉलच्या बाहेर रस्त्यावर उभं राहून मोजायचे, ते आकडे वहीत लिहून ठेवलेत. सोबत अण्णांचं संमतीपत्र, त्यांच्या परवान्यांच्या झेरॉक्स, माझं आधार. सगळ्याच्या दोन प्रती करा, एका प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख बघूनच टेबल सोडा.

हे सगळं घेऊन मी १४ ऑक्टोबरच्या सोमवारी गेले आणि १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली. अर्ज घेतलेला होता, पोच होती, पण निवडणूक होईपर्यंत थांबा असं सांगितलं. मतदान २० नोव्हेंबर, निकाल २३, त्यात ड्राय डे. दीड महिना हातावर हात. तेव्हा मनातून उतरलंच होतं सगळं, भाऊ म्हणाला विकून टाकूया गिटारी.

त्या मोकळ्या वेळात गाण्यांच्या लायसन्सचं बघितलं ते बरं झालं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेकॉर्ड केलेलं गाणं लोकांसमोर वाजवायचं त्याचे हक्क पीपीएलसारख्या संस्थांकडं, आणि गाण्याचे शब्द आणि चाल यांचे हक्क आयपीआरएस या दुसऱ्या संस्थेकडं. अण्णांकडं हॉटेलात गाणी लावायचं वर्षाचं होतं, पण कार्यक्रमाचं वेगळं लागतं हे त्यांनाही तेव्हाच कळलं. रक्कम मुद्दाम लिहीत नाही, कारण जागा केवढी, तिकीट आहे का, यावर ती बदलते. आम्ही निम्मी निम्मी भरली. आणि हे सगळं कोण कशाला जबाबदार याचा एक साधा करार केला, त्याला पाचशेचा स्टॅम्प पेपर, ऑक्टोबरमध्येच शंभरचा पाचशे झाला होता.

परवानगी २९ नोव्हेंबरला हातात आली. अण्णा म्हणाले गुरुवारी करा, गुरुवारी धंदा थंड असतो, जागा मोकळीच असते. पहिली रात्र ५ डिसेंबर, खाली परमिट रूममध्ये. माझ्या अजिबात लक्षात आलं नाही, तो मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. ज्या मैत्रिणी येतो म्हणाल्या होत्या त्यांच्या घरी महालक्ष्मी मांडलेली, कुणाचा उपास, कुणी त्या दिवशी हॉटेलची पायरीसुद्धा चढत नाही. आले नऊ जण, त्यातले चार माझ्या ऑफिसचे. दोन कॉलेजची पोरं दारातनं परत पाठवावी लागली कारण ती एकवीसच्या आतली होती, आपल्याकडं बिअर-वाईनला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं, आणि अण्णा त्या बाबतीत कडक आहेत. ती पोरं ड्रम वाजवायला गडहिंग्लजवरनं आली होती. त्यांचा चेहरा मला विसरता येत नाही.

त्या रात्री घरी येऊन रडले. सकाळी अण्णांना फोन केला, वार बदला आणि वरचा हॉल द्या. वरती दारू नाही, नुसतं जेवण. ते म्हणाले बघ बाबा, पण बुधवारी माझं गिऱ्हाईक असतंय, टेबलं आडली तर मला परवडत न्हाई. मी म्हटलं दोन टेबलांची जागा द्या, बाकी तुमची.

११ डिसेंबर, बुधवार. वर फॅमिली हॉल, तांबडा-पांढऱ्याचा वास, लहान पोरं टेबलांच्या मधनं पळत होती. मी माईकवर दोनदा सांगितलं कुणाला खेळायचंय या, कुणी उठलं नाही. सगळे बघत होते, हसत होते, एकमेकांना कोपरानं ढोसत होते, पण उठत कुणी नव्हतं. वीस मिनिटं मी आणि भाऊच वाजवत होतो.

मग कोपऱ्यातल्या टेबलावरचे एक काका उठले, साठीच्या पुढचे, पांढरा शर्ट, घरच्यांबरोबर जेवायला आलेले. जवळ येऊन गिटारीकडं वाकून बघितलं आणि म्हणाले, "हे बेंजोगत हाय की." मला क्षणभर कळलंच नाही. ज्यांनी वरातीतला बेंजो जवळनं बघितलाय त्यांना कळेल, डाव्या हातानं टाईपरायटरसारखी बटणं दाबायची आणि उजव्या हातानं तारा छेडायच्या. हुबेहूब हेच. काका तरुणपणी पंधरा वर्षं बेंजो पार्टीत होते. त्यांनी गिटार गळ्यात न घालता खुर्चीवर बसून मांडीवर आडवी घेतली, बेंजो घेतात तशी. मी ईझीवर लावून दिलं, तिथं तीनच बटणं असतात. अर्ध्या गाण्यात म्हणाले, हे लहान पोरांचं लावलंय का. मग मीडियम, मग हार्ड. डोळे स्क्रीनवर होतेच कुठं, मान बाजूला कलती करून ते कानानं वाजवत होते, आणि पट्टीवरचा अंगठा इतका हलका की टकटक आवाजसुद्धा येत नव्हता. आमचे सगळे पट्टी हाणतात. गाणं संपलं तेव्हा स्वयंपाकघरातली माणसं दारात येऊन उभी होती.

त्यांच्या नातीनं लगेच माईक मागितला. त्यानंतर नंबर लावायला वही काढावी लागली, सतरा नावं झाली, पावणेदहाला बंद करताना सहा जण राहिले होते, त्यांना पुढच्या बुधवारी पहिला नंबर दिला.

तेव्हापासून मी काही गोष्टी ठरवून घेतल्यात. माईकवरनं कुणाला बोलवायचं नाही, टेबलापाशी जाऊन गिटार हातात द्यायची, नुसती धरून बघा म्हणायचं. चुका झाल्या की गाणं मधेच बंद पडायची सोय गेममध्ये असते, ती बंद ठेवायची. स्कोर मोठ्यानं वाचायचा नाही. डावखुऱ्यांसाठी सेटिंग उलटं करता येतं, ते आधी विचारायचं, एका ताईंनी दोन गाणी उलट्या हातानं वाजवली आणि लाजून बोलल्याच नाहीत. पहिल्यांदा येणाऱ्याला दोन सलग गाणी द्यायची, कारण पहिलं घाबरण्यात जातं. आणि ओले, रस्सा लागलेले हात पुसायला एक नॅपकिन गिटारीला बांधूनच ठेवलाय.

१८ डिसेंबर आणि ८ जानेवारी चांगल्या झाल्या, मधे नाताळ आणि एक जानेवारीला अण्णांकडंच गर्दी म्हणून सुट्टी. १५ जानेवारी, किंक्रांतीच्या दिवशी, जिना भरला होता. गडहिंग्लजची दोन्ही पोरं आली, मी त्यांना फोन करून बोलावलं होतं, ड्रमवरनं उठेनात. आणि त्याच रात्री आई पहिल्यांदा आली, कोपऱ्यात बसून सोलकढी प्यायली, काही बोलली नाही, पण जाताना अण्णांना विचारलं, पुढचं कधी आहे.

हिशोब विचारणाऱ्यांसाठी: गिटारी ९,२००, स्विच ६०, स्टँड ६५०, लांब एचडीएमआय वायर ९००, माईक १,८००, स्टॅम्प ५००, झेरॉक्स वगैरे २४०, म्हणजे १३,३५०, लायसन्सचा निम्मा वाटा वेगळा. लॅपटॉप माझा होता, स्पीकर आमच्या साऊंडवाल्याचे, तो अजून भाडं घेत नाही. अण्णा तिसऱ्या रात्रीपासून दर वेळी १,५०० देतात आणि सगळ्यांना जेवण. अजून पैसे निघायचेत, निघतील.

काका दर बुधवारी येतात. मागच्या वेळी पिशवीत त्यांचा जुना बेंजो घेऊन आले होते, दोन तारा गंजलेल्या. त्यांनी स्वतः बसवलेली एक गत आहे, वरात दारात पोचली की वाजवायचे ती. मी रविवारी त्यांच्या घरी जाऊन मोबाईलवर रेकॉर्ड केली, मागं कुकरच्या शिट्ट्या आल्यात, परत करावी लागेल. सध्या त्याचा चार्ट करायला घेतलाय. गत संथ सुरू होते आणि मग दर आवर्तनाला चढत जाते, त्यामुळं टेम्पो प्रत्येक ठिकाणी हातानं धरावा लागतोय. पहिले चाळीस सेकंद झालेत.